जुनं गाव, नवं शहर आणि आपली नोंदवही



आम्ही मिरा-भाईंदरमध्ये बचत गटांचं काम करतो. महिन्याची बैठक, वह्या, हप्ते, बँकेच्या फेऱ्या हे तुमच्यासारखंच आमचंही चालतं. आज मात्र आपण पैशांबद्दल बोलणार नाही. आज बोलायचंय ते जुन्या घरांबद्दल, विहिरींबद्दल, किल्ल्यांबद्दल आणि त्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या नव्या इमारतींबद्दल.

तुम्ही म्हणाल, हा शहरवाल्यांचा प्रश्न आहे, आम्हा खेड्यातल्या बायकांना त्याचं काय? तर एक गोष्ट आधी सांगतो. मिरा-भाईंदर हे आज मुंबईला चिकटलेलं मोठं शहर आहे, पण १९८५ पर्यंत इथे ग्रामपंचायतीच होत्या. काशी, मिरे, नवघर, खारी आणि भाईंदर अशा पाच ग्रामपंचायती एकत्र करून १२ जून १९८५ रोजी नगरपालिका झाली. १९९० मध्ये राई-मुर्धा, डोंगरी, उत्तन, घोडबंदर, चेणे-वरसावे ही गावं तिला जोडली. २८ फेब्रुवारी २००२ रोजी तिची महानगरपालिका झाली. म्हणजे तुमच्या-आमच्यासारखी ग्रामसभा, तलाठी, पाणवठा असलेली ही गावं होती. शहर त्यांच्या अंगावर आलं. उद्या ते तुमच्या तालुक्याच्या रस्त्यानेही येईल. म्हणून आमचा इतिहास तुमच्या उपयोगाचा आहे.

हा भाग साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला आहे. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला अरबी समुद्र. खाडीकाठी मिठागरं, आत भातशेती, उत्तनला कोळ्यांच्या होड्या. आगरी, कोळी आणि पोर्तुगीज काळापासूनची ख्रिस्ती कुटुंबं इथली मूळची राहणारी. १८६४ मध्ये सुरतेकडून आलेली रेल्वे वसईची खाडी ओलांडून मुंबईत पोचली, तिची वाट भाईंदरमधूनच गेली. रेल्वे आली तरी पुढची शंभर वर्षं गावं गावंच राहिली. मग मुंबईत घरं परवडेनाशी झाली आणि माणसं इकडे वळली. जनगणनेचे आकडे बघा. १९९१ मध्ये इथे पावणेदोन लाख लोक होते. २००१ मध्ये पाच लाख वीस हजार झाले. २०११ मध्ये आठ लाख नऊ हजार. वीस वर्षांत साडेचारपट! एवढ्या माणसांना घरं लागणारच. त्यात आमच्या गटातल्या कितीतरी बायका आहेत. गावाहून आल्या, चाळीत राहिल्या, मग हप्ते भरून एका खोलीच्या फ्लॅटमध्ये गेल्या. त्या इमारती उभ्या राहिल्या नसत्या, तर त्या कुठे गेल्या असत्या? म्हणून नवीन बांधकामाला सरसकट नावं ठेवणं आम्हाला पटत नाही.

पण या धावपळीत काय टिकलं आणि काय गेलं, हे बघितलं की विचार करावासा वाटतो.

टिकलेल्यात पहिला घोडबंदरचा किल्ला. खाडीकाठच्या टेकडीवर पोर्तुगीजांनी तो बांधला. अरबी घोड्यांचा व्यापार या बंदरातून चालायचा, म्हणून घोडबंदर, असं सांगतात. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या सैन्याने त्यावर हल्ला केला होता, पण तेव्हा तो हाती आला नाही. १७३७ मध्ये वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि तो इंग्रजांकडे गेला. त्यांच्या काळात सरकारी अधिकाऱ्यांचा मुक्काम तिथे असे. राज्य बदललं तरी दर वेळी कोणी ना कोणी तिथे राहत होतं. राहणारा माणूस छप्पर गळलं की बुजवतो, झाड उगवलं की उपटतो. आपल्याला हे कोणी शिकवायला नको. बंद घर किती लवकर पडतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

दुसरा धारावीचा किल्ला. मुंबईतली धारावी नव्हे बरं का. भाईंदरच्या पश्चिमेला चौक गावाजवळ, खाडीपलीकडच्या वसई किल्ल्याच्या समोर हा किल्ला आहे. चिमाजीअप्पांच्या मोहिमेत ही जागा फार मोलाची होती, कारण इथून वसईच्या खाडीवर नजर ठेवता येई. मार्च १७३९ मध्ये धारावी मराठ्यांच्या ताब्यात आली आणि मे महिन्यात वसई पडली. एवढा मोठा इतिहास, पण जागेवर तटाचे थोडेच अवशेष उरले आहेत. अलीकडे तिथे चिमाजीअप्पांचं स्मारक झालं आहे.

आता या दोन किल्ल्यांत आणि समोरच्या वसई किल्ल्यात फरक काय? फरक आहे कागदाचा. वसईचा किल्ला केंद्र सरकारच्या संरक्षित यादीत आहे. केंद्राच्या कायद्यात २०१० मध्ये सुधारणा झाली. तेव्हापासून अशा स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आहे आणि पुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घ्यावी लागते. घोडबंदरचा किल्ला राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे, त्याला राज्याच्या १९६० च्या कायद्याचं संरक्षण आहे. यादीत नाव आलं म्हणून डागडुजीला पैसे मागता आले, तक्रार करायला जागा मिळाली.

आणि यादीत नसलेल्याचं काय झालं? गावातली विहीर बुजली, तिच्यावर पार्किंग आलं. खाडीवरचा धक्का गेला. मिठागराचे बांध गेले. ज्या ओट्यावर बायका दुपारी बसून मासळी निवडायच्या, तांदूळ पाखडायच्या, तो रस्त्यात गेला. यातलं काहीही पाडायचं असं कोणत्या सभेत ठरलं नव्हतं. ठराव नाही, हरकत नाही, कोणी भांडलंही नाही. कुठल्या कागदावर ते नव्हतंच, म्हणून ते गेल्याचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

मैत्रिणींनो, आजच्या बोलण्यातला मुद्दा हाच आहे. जुनं ठेवायचं की नवं बांधायचं, हा वाद पुढचा. त्याआधी आपल्याकडे काय आहे, याची नोंद हवी. नोंद नसली की वाद करायलाही काही उरत नाही.

उत्तनच्या कोळी बायकांचं उदाहरण घ्या. बांबूच्या वलांड्यांवर बोंबील सुकवायला मोकळी, वाऱ्याची, उन्हाची जागा लागते. नकाशावर ती जागा 'मोकळी' दिसते. बाहेरच्याला वाटतं, रिकामी पडलीय, इथे इमारत बसेल. पण त्या जागेवर घराचं वर्षाचं पोट असतं. तिला किल्ल्याचा मान नाही, कारण तिथे दगडाची भिंत नाही. आमच्या मते तीही वारसाच आहे. कित्येक पिढ्यांच्या बायकांनी ती वापरून राखली आहे.

पण यादीत नाव घातलं की काम झालं, असंही नाही. मुंबईत गिरगावला खोताची वाडी आहे. लाकडी जिने, नक्षीचे कठडे, पुढे व्हरांडा अशी देखणी घरं, अगदी भर शहरात. १९९५ मध्ये मुंबईत वारसा वास्तूंची नियमावली आली. देशातल्या अशा पहिल्या नियमावल्यांपैकी ती एक. खोताची वाडी तिच्या यादीत आली. तरीही एके काळी पासष्टच्या आसपास असलेली तिथली जुनी घरं आज निम्म्यापेक्षा कमी उरली आहेत. कारण सोपं आहे. वारसा सगळ्या गावाचा आणि खर्च एकट्या घरमालकाचा. सागवानी खांब बदलायला, कौलं शाकारायला पैसे कोण देणार? शेजारी टॉवर झाला की जागेला सोन्याचा भाव येतो. मग म्हाताऱ्या मालकिणीने किती दिवस तग धरायचा? यावर नियमात एक तोड आहे. यादीतल्या घराच्या मालकाला आपल्या जागेवर वाढीव बांधकाम करता आलं नाही, तर तो हक्क दुसरीकडे बांधणाऱ्याला विकता येतो आणि त्या पैशातून घर दुरुस्त करता येतं. याला हस्तांतरणीय विकास हक्क म्हणतात. पण हा हक्क मागायचा तर घर मागणाऱ्याच्या नावावर लागतं.

नोंद उशिरा झाली की काय होतं, ते पुण्याच्या भिडेवाड्याने दाखवलं. १ जानेवारी १८४८ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बुधवार पेठेतल्या या वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. आपण आज वही-पेन घेऊन बैठकीला बसतो, त्याची पायवाट तिथून निघाली. पण वाडा खासगी होता, खाली दुकानं, आत भाडेकरू. वर्षानुवर्षं दुरुस्ती झाली नाही, छप्पर कोसळत गेलं. महापालिकेने तिथे राष्ट्रीय स्मारक करायचं ठरवलं, तेव्हा भाडेकरू न्यायालयात गेले. त्यांचीही बाजू होती, त्यांचं पोट त्या दुकानांवर होतं. खटला वर्षानुवर्षं चालला. ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयात आणि नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयात महापालिकेच्या बाजूने निकाल लागला. डिसेंबरच्या सुरुवातीला एका रात्रीत वाडा पाडला. स्मारक होईल ते नव्या इमारतीत. सावित्रीबाईंचं नाव राहील, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या ज्या उंबऱ्यावरून आत गेल्या, तो उंबरा आपल्याला पुन्हा दिसणार नाही. वाडा सुस्थितीत असताना, भाडेकरूंना योग्य जागा देऊन हे काम झालं असतं, तर दोन्ही गोष्टी साधल्या असत्या.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुनं ते सोनं म्हणणारे पुष्कळदा स्वतः फ्लॅटमध्ये राहतात. जुन्या घराचा भार बाईवर असतो. सारवणं, कौलं शाकारताना खाली उभं राहून एकेक कौल हातात देणं, पावसाळ्यात गळतीखाली पातेली ठेवणं, अंधारात परसात जाणं. घरात संडास आणि नळ हवा असं एखादी म्हणाली, तर ती वारशाच्या विरोधात नाही. तिला तो हक्क आहे.

शिवाय जुनं घर जीवावरही उठू शकतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, ते आपल्यातल्या मोठ्या बायकांना आठवत असेल. लातूर-धाराशिवकडची ती जुनी घरं म्हणजे मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर धाब्याचा मातीचा भार. त्याखाली हजारो माणसं गेली. सरकारने ५२ गावं नव्या जागी वसवली. पण बाकीच्या कितीतरी गावांत घरं न पाडता जागेवरच मजबूत केली. भिंतीत आरपार दगड बसवायचे, वरून काँक्रीटचा पट्टा घालायचा, धाब्यावरची माती कमी करायची. या कामात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं. घराला काय लागतं, पैसे कुठे खर्च होतात, हे त्या बायका बघत होत्या. म्हणजे पाडणं आणि तसंच ठेवणं, एवढे दोनच रस्ते नाहीत. मधे दुरुस्तीचा रस्ता आहे आणि तो बायकांनी चालून दाखवला आहे.

दुरुस्ती मात्र त्या घराच्या जातीची हवी. जुनं दगडी बांधकाम चुन्याचं असतं. चुना, वाळू, विटांची भुकटी घाणीत मळायची, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा घालायचा, अशी जुनी रीत. चुन्याची भिंत श्वास घेते, आत गेलेली ओल बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. समुद्राकाठी तर हे फार लवकर होतं. गावातल्या देवळाला हौसेने तैलरंग देतात, त्यानेही हेच होतं. वर्गणी गोळा करणाऱ्या मंडळींना हे एकदा सांगून ठेवा.

आणि पाडावंच लागलं तर? तेव्हाही नोंद कामाला येते. पोलंड देशाची राजधानी वॉर्सा. दुसऱ्या महायुद्धात १९४४ मध्ये जर्मन फौजांनी तिथलं जुनं शहर ठरवून जमीनदोस्त केलं. युद्धानंतर लोकांनी ते पुन्हा उभं केलं. ते कसं जमलं? वास्तुकलेच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी युद्धाआधी आणि युद्धातही जुन्या घरांची मापं घेऊन नकाशे काढले होते, ते लपवून जपले होते. अठराव्या शतकातल्या एका चित्रकाराची शहराची चित्रंही उपयोगी पडली. १९८० मध्ये युनेस्कोने त्या पुन्हा बांधलेल्या शहराला जागतिक वारशात घेतलं. भिंत पडली होती, पण तिचं माप कागदावर होतं.

मग आपल्या गटाने काय करावं? आमच्या अनुभवातून चार कामं सुचवतो. एकालाही मोठा खर्च नाही.

पहिलं काम नावाचं. गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर कोणाचं नाव आहे ते बघा. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. तुमच्या गावात मोजणी झाली असेल तर पत्रिकेवर बाईचं नाव आलं का, हे विचारा. उद्या बिल्डर येईल तेव्हा तो ज्याचं नाव आहे त्याच्याशीच बोलेल. घर ठेवायचं असो वा नवं बांधायचं असो, सही तुमची लागली पाहिजे.

दुसरं काम यादीचं. गटाची एक जास्तीची वही करा. त्यात गावातली सामाईक ठिकाणं लिहा. विहीर, बारव, पार, चावडी, धुण्याचा घाट, वाळवणाची जागा, जत्रेचं मैदान, स्मशानाची वाट. प्रत्येकापुढे लिहा, कोण वापरतं, कशासाठी, केव्हापासून. मोबाईलवर फोटो काढा, दोरीने लांबी-रुंदी मोजून घ्या. म्हाताऱ्या बायकांना विचारा. माहेरी-सासरी दोन्हीकडचं त्यांना आठवत असतं. त्यांच्या आठवणींना वयाची मर्यादा आहे, म्हणून हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका.

तिसरं काम सभेचं. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. ती यादी तिथे वाचा आणि ठरावात घ्यायला लावा. ठरावाची नक्कल मागून घ्या. आपलं गाव नगरपरिषदेत किंवा शहराच्या हद्दीत गेलं तर विकास आराखडा येतो. आराखड्याचा मसुदा जाहीर झाल्यावर हरकती आणि सूचनांसाठी ठरावीकच दिवस मिळतात. त्या थोड्या दिवसांत नव्याने माहिती गोळा करायला लागलात तर वेळ पुरत नाही. वही तयार असेल तर एका अर्जाचं काम. अर्जात नुसता 'विरोध' लिहू नका. 'ही वाळवणाची जागा अमुक इतक्या कुटुंबांची आहे, ती तशीच ठेवून बाजूने रस्ता न्यावा' असं लिहा. मार्ग सुचवला की अधिकाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं.

चौथं काम बोलणीचं. घर पाडून नवी इमारत करायची ठरलीच, तर खोल्या आणि चौरस फूट एवढंच मोजू नका. आज अंगणात, ओट्यावर, गच्चीवर जी कामं करता ती नव्या इमारतीत कुठे करणार, ते विचारा. पापड कुठे वाळवायचे, मसाला कुठे कुटायचा, गटाची बैठक कुठे भरायची? आमच्याकडे कितीतरी गटांची वाळवणाची कामं फ्लॅटमध्ये गेल्यावर बंद पडली, कारण गच्चीला कुलूप लागलं. गच्ची आणि तळमजल्याची एक खोली सामाईक वापराला राहील, हे करारात लिहून घ्या. तोंडी शब्दावर राहू नका. आणि घर पाडण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. जातं, उखळ, दाराची चौकट, पायरीचा दगड भंगारात घालू नका. शाळेत किंवा समाजमंदिरात त्यांना एक कोपरा मिळू शकतो.

घोडबंदरच्या किल्ल्याची देखभाल आता सरकार आणि महापालिका बघतील, त्यासाठी खाती आहेत. तुमच्या गावच्या बारवेसाठी आणि वाळवणाच्या जागेसाठी कोणतंही खातं नाही. त्यांची माहिती असलेली माणसं म्हणजे रोज तिथे जाणाऱ्या तुम्हीच.

तेव्हा येत्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की अर्धा तास काढा. वहीचं पहिलं पान उघडा, वर गावाचं नाव आणि तारीख घाला आणि सगळ्यांत वयाने मोठ्या बाईला विचारा, 'आजी, तुम्ही लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून आणायचात?' तिथूनच यादी सुरू होईल. तुमच्या वहीत काय काय निघालं, ते आम्हाला जरूर कळवा.